फटफटी बंद पडल्यानंतरचा प्रवास

'दिआरिओस दे मोतोसिक्लेता' हा स्पॅनिश चित्रपट जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात प्रथम दाखवला गेला. 'द मोटरसायकल डायरीज' या इंग्रजी नावाने तो जगभर गेला. ब्राझीलच्या वॉल्टर सालेस यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा विषय १९५२ सालचा एक प्रवास आहे. वैद्यकीचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी एर्नेस्तो ग्वेरा आणि त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा जीवरसायनतज्ज्ञ मित्र आल्बेर्तो ग्रानादो हे दोघे एका जुन्या मोटारसायकलवरून अर्जेंटिनातून निघाले आणि चिली, पेरू, कोलंबिया ओलांडून व्हेनेझुएलाला पोहोचले. जग ग्वेराला 'चे' म्हणून ओळखू लागले ते त्यानंतर काही वर्षांनी. चित्रपट मात्र त्या नावाच्या अलीकडेच थांबतो. त्यात युद्ध नाही आणि क्युबाच्या क्रांतीचा नेता फिडेल कास्त्रोही नाही.

एर्नेस्तोचा जन्म १९२८ साली रोसारिओ शहरात झाला. घराणे जुने आणि खानदानी होते, पण पैसा आटत चाललेला. लहानपणापासून त्याला दम्याचा विकार होता. कोरडी हवा मानवेल म्हणून आईवडील कोर्दोबा प्रांतातील डोंगराळ गावात राहायला गेले आणि तिथेच त्याची ग्रानादो भावंडांशी गाठ पडली. थोरला आल्बेर्तो रग्बी शिकवायचा. दमेकरी पोराला संघात घेणे त्याला सुरुवातीला अवघड वाटले असणार, पण हा मुलगा धाप लागली तरी मैदान सोडत नसे. तिथे त्याला 'फुसेर' हे टोपणनाव मिळाले. आल्बेर्तोला तो 'मिआल' म्हणे. चित्रपटभर दोघे एकमेकांना याच नावांनी हाका मारतात.

पुढे एर्नेस्तो ब्युनोस आयरेसला वैद्यकी शिकू लागला आणि आल्बेर्तो एका कुष्ठधामात नोकरीला लागला. १९५० साली एर्नेस्तोने सायकलला छोटे इंजिन बसवून उत्तर अर्जेंटिनाची एकट्याने भटकंती केली होती. त्यामुळे १९५१ च्या अखेरीस आल्बेर्तोने खंड पालथा घालण्याचा बेत मांडला तेव्हा होकार मिळायला वेळ लागला नाही. वाहन होते ५०० सीसीची, १९३९ सालची नॉर्टन. तिचे नाव 'ला पोदेरोसा दुसरी', म्हणजे 'बलशाली'. पहिली बलशाली ही सायकल होती. चार महिन्यांत आठ हजार किलोमीटर जायचे, वाटेत आपापल्या विषयातली माणसे भेटायची आणि बाकी सगळे ऐनवेळी ठरवायचे, असा चित्रपटातला बेत आहे. एर्नेस्तोच्या शिक्षणाचा अगदी शेवटचा टप्पा उरला होता. तो संपवूनच जा, असा घरच्यांचा आग्रह होता.

४ जानेवारी १९५२ रोजी दोघे ब्युनोस आयरेसहून निघाले. पहिला मोठा मुक्काम मिरामार या समुद्रकाठच्या गावी झाला. तिथे एर्नेस्तोची प्रेयसी चिचिना आपल्या श्रीमंत कुटुंबासह सुट्टीला आली होती. त्याने तिला एक कुत्र्याचे पिल्लू दिले. त्याचे नाव 'कमबॅक', परत येण्याच्या वचनाची खूण. ते वचन टिकले नाही. बारिलोचेला पोहोचेपर्यंत नाते संपवणारे तिचे पत्र त्याच्या हाती पडले. चित्रपटाचा हा पहिला भाग हसतखेळत जातो. गाडी घसरते, तंबू वाऱ्यावर उडून जातो, जेवणासाठी थापा माराव्या लागतात. पेटागोनियाच्या मोकळ्या माळावर दोन सुखवस्तू घरांतली पोरे मजा करताना दिसतात. ती तशीच होती, हे सालेस लपवत नाहीत.

आन्देस पर्वतातील तळी ओलांडून दोघे चिलीत शिरले. तेमुको गावच्या 'एल आउस्त्राल' या वृत्तपत्राने, मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिका फिरणारे अर्जेंटिनाचे दोन कुष्ठरोगतज्ज्ञ म्हणून त्यांची बातमी छापली. एर्नेस्तो त्या वेळी डॉक्टरही झालेला नव्हता. पुढे हे कात्रण दाखवून दोघांनी बऱ्याच ठिकाणी जेवण आणि निवारा मिळवला. लोस आन्हेलेस गावी ते अग्निशामक दलाच्या ठाण्यात झोपले आणि आग लागली तेव्हा दलाबरोबर धावलेही.

गाडी मात्र थकली होती. तारेने बांधलेले भाग पुन्हा पुन्हा निखळत होते आणि ब्रेक तर केव्हाच गेले होते. शेवटी ती ट्रकवर घालून सान्तियागोला नेली आणि तिथेच सोडून दिली. मार्च नुकताच सुरू झाला होता आणि निम्म्याहून अधिक वाट अजून बाकी होती. दोघांना खंड खऱ्या अर्थाने भेटला तो यानंतर. मोटारसायकलवर बसलेल्या तरुणांकडे रस्त्यावरची माणसे कौतुकाने पाहत. पायी चालणाऱ्या, पाठीवर बोचके घेतलेल्या आणि ट्रकवाल्याला हात करणाऱ्या दोघांकडे ती आपल्यापैकीच कुणी म्हणून पाहू लागली. ग्वेराने आपल्या टिपणांत हा बदल स्वतः नोंदवला आहे. गाडी होती तोवर आपण भटक्यांमधले सरदार होतो आणि आता साधे फुकटे प्रवासी झालो, अशा अर्थाचे तो लिहितो.

बदलाची पहिली खूण वाल्पाराइसोत दिसते. एका खानावळीत काम केलेली म्हातारी दमा आणि हृदयविकाराने अंथरुणाला खिळली होती. तिला पाहायला एर्नेस्तो गेला. जवळ होत्या त्या गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितले, पण यापलीकडे काही करता येणार नाही हे त्याला कळत होते. टिपणांत त्याने तिच्या रोगाबद्दल जेवढे लिहिले आहे, त्याहून अधिक घरच्यांच्या नजरेबद्दल लिहिले आहे. गरीब घरात कमावता हात थकला की तो माणूस ओझे होतो आणि त्याच्या आजाराचाच घरच्यांना राग येतो. स्वतः दमेकरी असलेल्या विद्यार्थ्याचे हे निरीक्षण आहे, आणि पुस्तकी वैद्यकीत त्याला उत्तर नव्हते.

वाल्पाराइसोहून ईस्टर बेटावर जाण्याचा बेत होता, पण कित्येक महिने जहाज नव्हते. मग 'सान आन्तोनिओ' या मालवाहू जहाजात दोघे चोरून शिरले आणि शौचालयात लपून उत्तरेकडे आन्तोफागास्ताला पोहोचले. पुढे आताकामाचे वाळवंट. बाकेदानो या ठिकाणी रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत त्यांना एक खाणकामगार आणि त्याची बायको भेटली. नवरा कम्युनिस्ट होता आणि तुरुंगात राहून आला होता. चिलीत १९४८ पासून कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती आणि पक्षाचे नाव लागलेल्या माणसाला कुठे काम मिळत नसे. डोंगरातल्या गंधकाच्या खाणीत कुणी कुणाची विचारपूस करत नाही, म्हणून तो तिकडे निघाला होता. दोघा नवराबायकोंजवळ एकही पांघरूण नव्हते. एर्नेस्तो आणि आल्बेर्तोने आपल्या दोन कांबळ्यांपैकी एक त्यांना दिले आणि उरलेल्या एकात दोघे रात्रभर कुडकुडले. आयुष्यातल्या सर्वांत थंड रात्रींत ही रात्र होती आणि याच रात्री आपण माणसाच्या अधिक जवळ गेलो, असे ग्वेरा लिहितो. चित्रपटात या प्रसंगाला आणखी एक जोड आहे. चिचिनाने अमेरिकेतून कपडे आणायला दिलेले पंधरा डॉलर एर्नेस्तो त्या जोडप्याला देतो, आणि आल्बेर्तोला ते पुढे कित्येक दिवसांनी समजते.

तिथून जवळच चुकिकामाता, जगातील सर्वांत मोठ्या उघड्या तांब्याच्या खाणींपैकी एक. १९५२ साली ती अमेरिकेच्या अॅनाकोंडा कंपनीच्या ताब्यात होती. चिलीची परकीय चलनाची कमाई बहुतांशी तांब्यावर उभी होती आणि तांबे परक्यांच्या हातात होते. खाण राष्ट्राच्या मालकीची व्हावी की नाही, हा त्या वर्षीच्या चिलीच्या निवडणुकीतला वादाचा विषय होता. ते घडायला १९७१ साल उजाडावे लागले. खाणीतल्या अधिकाऱ्यांनी दोघांना यंत्रसामग्री कौतुकाने दाखवली. ग्वेराने उत्पादनाची प्रक्रिया पायरीपायरीने लिहून ठेवली आणि त्याच ओघात, या खाणीने किती जीव घेतले याचा हिशेब कुणी ठेवतो का, असा प्रश्न विचारला. चित्रपटात मुकादम सकाळी जमलेल्या मजुरांतून बोट दाखवून माणसे निवडतो आणि उरलेल्यांना हाकलतो. निघून जाणाऱ्या ट्रकवर एर्नेस्तो दगड भिरकावतो. हा दगड पटकथेने घातलेला आहे. टिपणांतला ग्वेरा दगड मारत नाही, तो मोजतो आणि लिहितो. त्याच्या स्वभावातली ही थंड शिस्त चित्रपटाने रागात बदलली. पडद्यावर तो प्रसंग परिणाम करतो, पण माणूस थोडा सोपा होतो.

मार्चअखेर दोघे पेरूत पोहोचले. तितिकाका सरोवर, कुस्को आणि एप्रिलच्या आरंभी माचू पिच्चू अशी वाट होती. ट्रकच्या मागच्या भागात केचुआ आणि आयमारा भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर, जनावरे आणि पोत्यांच्या गर्दीत हा प्रवास झाला. ड्रायव्हरशेजारची जागा मिळे ती गोऱ्या कातडीमुळे आणि अर्जेंटिनाच्या पासपोर्टमुळे, हे दोघांना दिसत होते. इंका राजांनी कोरलेला दगड आणि त्यावर स्पॅनिश विजेत्यांनी उभारलेली चर्चे कुस्कोत एकाच भिंतीत दिसतात. त्याच एप्रिल महिन्यात शेजारच्या बोलिव्हियात क्रांती झाली, कथिलाच्या खाणींतले कामगार शस्त्रे घेऊन रस्त्यावर आले आणि सरकार कोसळले. माचू पिच्चूच्या भग्न भिंतींमध्ये आल्बेर्तो चित्रपटात एक स्वप्न रंगवतो. इंका वंशातल्या मुलीशी लग्न करायचे, पक्ष काढायचा आणि मतपेटीतून क्रांती घडवायची. गोळ्या न झाडता क्रांती कशी होईल, असे एर्नेस्तो विचारतो. पुढचा सगळा इतिहास माहीत असलेल्या प्रेक्षकासाठी हे वाक्य लिहिलेले आहे.

१ मे रोजी दोघे लिमाला पोहोचले. तिथे भेटले डॉ. उगो पेस्चे. ते कुष्ठरोगाचे नामवंत तज्ज्ञ होते आणि पेरूच्या समाजवादी पक्षाची उभारणी करताना विचारवंत होसे कार्लोस मारिआतेगी यांचे सहकारी होते. त्यांनी दोघांना राहायला जागा, कपडे आणि जेवण दिले. चित्रपटात त्यांनी दिलेल्या पुस्तकांच्या वाचनात एर्नेस्तो रात्री जागवतो. लॅटिन अमेरिकेचा प्रश्न जमिनीचा आणि मूळ रहिवाशांचा आहे, हे मारिआतेगींचे प्रतिपादन होते. गेले चार महिने रस्त्यावर जे दिसले, त्याला इथे विचारांची चौकट मिळाली. पुढे गनिमी युद्धावरील आपल्या पुस्तकाची प्रत पेस्चेंना पाठवताना ग्वेराने या माणसाचे ऋण लिहून मान्य केले. या प्रवासातल्या सगळ्या भेटींत ही सर्वांत दूरगामी ठरली, आणि चित्रपट तिला द्यायला हवा होता तितका वेळ देत नाही.

पेस्चेंच्या शिफारशीने दोघे पुकाल्पाहून बोटीने इकितोसला आणि तिथून जूनमध्ये सान पाब्लोच्या कुष्ठधामात गेले. ॲमेझॉनच्या काठी, जंगलाच्या मध्यावर सुमारे सहाशे रुग्णांची ही वसाहत होती. सल्फोन गटातील औषधे नुकतीच हाती आल्याने कुष्ठरोग बरा होण्याची आशा निर्माण झाली होती, पण समाजाची भीती जुनीच होती. रोगी ठरला की माणूस घरातून, गावातून उठवला जाई आणि उरलेले आयुष्य वसाहतीत काढी. दोघे पाहुणे रुग्णांशी हात मिळवत, त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळत, गप्पा मारत. चित्रपटात डॉक्टर आणि ख्रिस्ती जोगिणी नदीच्या एका काठाला तर रुग्ण दुसऱ्या काठाला राहतात. हातमोजे घालायला दोघे नकार देतात. चर्चमधल्या प्रार्थनेला न आलेल्यांना जेवण मिळणार नाही, हा जोगिणींचा नियम रुग्णच मोडून काढतात आणि दोघांसाठी चोरून ताटे आणतात.

१४ जूनला एर्नेस्तो चोवीस वर्षांचा झाला. कर्मचाऱ्यांनी पेरूची स्थानिक दारू, पिस्को, पाजून त्याचा वाढदिवस साजरा केला. आभाराच्या भाषणात तो म्हणाला त्याचा आशय असा: या खंडाचे देशांत झालेले तुकडे कृत्रिम आहेत, मेक्सिकोपासून मॅगेलनच्या सामुद्रधुनीपर्यंत एकच मिश्र वंशाची माणसे राहतात, म्हणून हा पेला पेरूच्या आणि एकसंध अमेरिकेच्या नावाने. तेवीस वर्षे अर्जेंटिनाबाहेरचे फारसे न पाहिलेल्या मुलाचे हे पहिले राजकीय भाषण म्हणता येईल. चित्रपटात याच रात्री एर्नेस्तो दम्याची पर्वा न करता काळोखी नदी पोहून पलीकडच्या रुग्णांकडे जातो. त्याच्या टिपणांत वाढदिवसाच्या रात्रीच्या नोंदीत भाषण आहे, हे पोहणे नाही. दोन काठ आणि मधली नदी हे रूपक चित्रपटाने उभारले आणि त्यावर आपला कळस बसवला. टीकाकारांना हे पोहणे संतचरित्रातला चमत्कार वाटले. ती टीका रास्त आहे, कारण सान पाब्लोचा निरोप वर्णन करणारे ग्वेराचे आईला लिहिलेले पत्र त्याहून कितीतरी खोल आहे. रुग्ण होडीतून निरोप द्यायला आले. त्यांच्या वाद्यवृंदातल्या अकॉर्डियन वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला बोटे नव्हती. मनगटाला काटक्या बांधून तो वाजवत होता. गाणारा आंधळा होता. हे दृश्य घडलेले होते आणि त्याला कुठल्याही रूपकाची गरज नव्हती.

रुग्णांनी आणि कर्मचाऱ्यांनी दोघांसाठी लाकडी तराफा बांधला आणि त्याला 'माम्बो-तांगो' नाव दिले. तराफ्यावरून ते ॲमेझॉनच्या प्रवाहात निघाले, कोलंबियाच्या लेतिसिया गावापुढे वाहत गेले आणि कसेबसे मागे आले. तिथे फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून काही दिवस काढून ते विमानाने बोगोताला गेले. कोलंबियात तेव्हा यादवी हिंसाचार पेटलेला होता. पोलिसांचा जाच सोसून दोघे तिथून निसटले आणि जुलैच्या मध्यास कराकसला पोहोचले. आल्बेर्तोला तिथल्या कुष्ठधामात नोकरी मिळाली. एर्नेस्तो शर्यतीचे घोडे वाहून नेणाऱ्या विमानाने मायामीला गेला, विमान नादुरुस्त झाल्याने तिथे अडकून पडला आणि ऑगस्टच्या शेवटी घरी परतला. १९५३ मध्ये पदवी घेऊन तो पुन्हा बाहेर पडला. १९५४ साली ग्वाटेमालात लोकनियुक्त सरकार उलथून टाकले गेले ते त्याने जवळून पाहिले, १९५५ मध्ये मेक्सिकोत फिडेल कास्त्रोला भेटला आणि १९५९ च्या जानेवारीत क्युबाच्या विजयी फौजेबरोबर हवानात शिरला. त्याच वर्षी क्युबाचा प्रतिनिधी म्हणून तो भारतात आला आणि पंडित नेहरूंना भेटला. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी बोलिव्हियातील ला इगेरा गावी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

प्रवासातील नोंदींवरून ग्वेराने घरी परतल्यावर सलग टिपणे लिहिली. म्हणजे ती रोज रात्री लिहिलेली रोजनिशी नाही. प्रवास केलेला माणूस वेगळा आणि लिहिणारा वेगळा, अर्जेंटिनाच्या मातीवर पुन्हा पाऊल ठेवताच तो पहिला मेला, असे तो आरंभीच सांगतो. १९७८ साली ग्रानादोचे पुस्तक आले आणि ग्वेराची टिपणे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला छापली गेली. पोर्तोरिकोत जन्मलेले नाटककार होसे रिवेरा यांनी दोन्ही पुस्तके समोर ठेवून पटकथा लिहिली. कार्यकारी निर्माते रॉबर्ट रेडफर्ड होते. 'सेंट्रल स्टेशन' या १९९८ च्या चित्रपटामुळे सालेस यांचे नाव झाले होते आणि तोही प्रवासाचाच चित्रपट होता.

मेक्सिकोचा गाएल गार्सिया बेर्नाल एर्नेस्तो झाला आणि अर्जेंटिनाचा रोद्रिगो दे ला सेर्ना आल्बेर्तो. दे ला सेर्ना ग्वेराच्या आईच्या घराण्यातला, नात्यातलाच. चित्रीकरण मूळ वाटेवरच्या प्रत्यक्ष ठिकाणी झाले. ऐंशी ओलांडलेला ग्रानादो स्वतः चित्रीकरणाच्या जागी येऊन गेला. कुस्कोत रस्त्यावर भेटलेला मुलगा आणि विणकाम करणाऱ्या केचुआ बायका यांच्याशी नटांचे बोलणे आधी लिहिलेले नव्हते. कॅमेरा चालू ठेवून ते होऊ दिले गेले. चित्रपटाची ताकद या भागांत आहे. नट ऐकत राहतो आणि समोरची माणसे आपल्या भाषेत, आपल्या गतीने जमीन गेल्याची, शाळा सुटल्याची हकिकत सांगतात. १९५२ ची गोष्ट सांगता सांगता २००३ सालचे पेरू आपोआप पडद्यावर येते, आणि अर्ध्या शतकात किती थोडे बदलले हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटाकडे याच माणसांचे काळे-पांढरे चेहरे कॅमेऱ्याकडे थेट पाहत उभे राहतात. एरिक गोतिये यांच्या छायाचित्रणाला कान महोत्सवात तांत्रिक पुरस्कार मिळाला तो योग्यच होता.

ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत हा इंग्रजीखेरीज इतर भाषांतील सर्वोत्तम चित्रपट ठरला. २००५ च्या ऑस्करमध्ये उरुग्वेच्या होर्हे द्रेक्सलरच्या या चित्रपटातील गाण्याला पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले स्पॅनिश गाणे. सोहळ्यात मात्र ते आन्तोनिओ बान्देरास आणि कार्लोस सान्ताना यांनी सादर केले. पुरस्कार घ्यायला आलेल्या द्रेक्सलरने भाषण न करता आपल्या गाण्याच्या काही ओळी वाद्याविना म्हटल्या.

चित्रपटावरचा मुख्य आक्षेप त्याने गाळलेल्या गोष्टींबद्दल होता. १९५९ मध्ये हवानाच्या ला काबान्या किल्ल्यात ग्वेराच्या देखरेखीखाली झालेल्या मृत्युदंडांची सावलीही इथे नाही, असे टीकाकार म्हणाले. १९५२ ला थांबणाऱ्या चित्रपटाकडे ती मागणी करणे पूर्ण न्याय्य नाही. पण टिपणांच्या आत जे आहे तेही गाळले गेले, याला उत्तर नाही. कराकसच्या प्रकरणात ग्वेरा काळ्या माणसांबद्दल सरसकट आणि हीन शेरे मारतो. अखेरच्या प्रकरणात एका अनोळखी माणसाशी झालेल्या भेटीनंतर तो रक्ताची आणि सूडाची भाषा बोलतो, आणि त्या भाषेत त्याला आनंदही वाटतो. हे दोन्ही ठेवले असते तर घडत असलेला तरुण आणखी खरा दिसला असता. पूर्वग्रह, करुणा आणि हिंसेची ओढ हे सगळे एकाच बोचक्यात घेऊन तो घरी परतला होता. चित्रपटाने त्यातली करुणा उचलली आणि ती फार सुंदर दाखवली.

ग्रानादो १९६१ मध्ये सहकुटुंब क्युबाला गेला, तिथे वैद्यकीय शिक्षण आणि संशोधनात आयुष्य घालवले आणि ५ मार्च २०११ रोजी हवानात वारला. चित्रपट पाहणाऱ्याने त्याचे पुस्तक आणि ग्वेराची टिपणे, दोन्ही जरूर वाचावीत, आणि टिपणांचे शेवटचे प्रकरण मुळीच वगळू नये.